न प्यालेल्या दारूचा कलंक

"तोंड उघड, दादा! सगळ्यांसमोर उघड... वास घेऊ दे मला!"

कुणालच्या तोंडून हे शब्द निघाले मात्र, आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये जमलेल्या पंचवीस-तीस माणसांची बोलतीच बंद झाली! यल्लाप्पा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. हातातलं ताट पायाशी उपडं झालं होतं, पेढे सोफ्याखाली गेले होते. खाली राहिलेलं ते ताट घेऊन तो दोन जिने चढून आला काय, डोळ्यांपुढं अंधारी आली काय, आणि होणाऱ्या व्याह्यांच्या अंगावरच तो कोलमडला काय... सगळं एका क्षणात घडलं होतं. चेहरा लालबुंद, डोळे तांबारलेले, पाय जागेवर ठरत नाहीत. बघणाऱ्यानं दुसरं काय समजावं, सांगा!

आणि बोलणारा कोण? तर कुणाल. पाठचा भाऊ! यल्लाप्पा जन्मला तेव्हा घरात देवीचा देव्हारा होता, म्हणून त्याचं नाव यल्लाप्पा. छप्पन सालच्या दीक्षेनंतर दोन वर्षांनी धाकटा झाला आणि वडलांनी हौसेनं सम्राट अशोकाच्या लेकाचं नाव ठेवलं. कुणाल सहा वर्षांचा असताना आई गेली, पाठोपाठ वडील गेले, आणि गवंड्याच्या हाताखाली विटा उचलणाऱ्या यल्लाप्पानं त्या पोराला आईच्या मायेनं वाढवलं. स्वतः सातवीत शाळा सोडली, पण कुणालला पदवीपर्यंत नेला. आज तोच कुणाल सांगलीत सरकारी कचेरीत साहेब झाला होता, आणि यल्लाप्पाची एकुलती एक लेक दीपमाला, तिचा साखरपुडा त्यानं मोठ्या हौसेनं आपल्या घरी ठेवला होता.

यल्लाप्पानं तोंड उघडलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण उघडेना ना तो! आपल्या ताटातला घास ज्याच्या तोंडात घातला, त्यानं आज आपलं तोंड हुंगावं? बारा वर्षांचा असताना वडलांचा हात धरून त्यानं शपथ घेतली होती, दारूला शिवणार नाही म्हणून. त्याला एकोणचाळीस वर्षं झाली. गावातली भट्टी ह्यानंच बंद पाडली, दर रविवारी विहारात वंदना ह्यानंच घ्यायची, कुणी पिऊन आला की हाताला धरून बाहेर ह्यानंच काढायचा... आणि तोंड उघड? त्याचे ओठ आणखी घट्ट मिटले.

"बघा! नाहीच उघडत!" कुणालचा आवाज रागानं आणि लाजेनं चिरकला. "सहा महिने ऐकतोय मी. बाजारात खांबाला धरून उभा होता म्हणे, परांचीवर झोक जातो म्हणे. मी सगळ्यांशी भांडलो... माझा दादा तसला नाही म्हणून भांडलो!"

"काका, आबा पीत न्हाईत!" दीपमाला पुढं आली. "मी घरात असते ना त्यांच्यासंगं!"

नवऱ्या मुलाचे वडील लालासाहेब उठले. साताऱ्याचा माणूस, पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, बोलणं एक घाव दोन तुकडे. "हे बघा," ते म्हणाले, "माझा थोरला भाऊ दारूनं गेला. मरेपर्यंत 'मी पीत न्हाई' म्हणत गेला. पिणाऱ्यापरास मला खोटं बोलणाऱ्याची चीड हाय. कबूल करून सोडणारा असंल, तर मी त्याला हात देईन. पण लबाडाच्या घरची सोयरीक आपल्याला नको. रोहन, ऊठ!"

रोहन उठला नाही. साताऱ्यातल्या शाळेत मास्तर असलेला तो पोरगा कावराबावरा होऊन कधी वडलांकडं बघत होता, कधी दीपमालाकडं. आणि दीपमाला... तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं यल्लाप्पानं पाहिलं. आईवेगळी पोर! हे स्थळ मोडलं तर आयुष्यभर तिच्या पाठीमागं हेच लागणार. 'पीत नाही' म्हटलं तर हा माणूस लबाड ठरवून उठून जाणार. मग उरलं काय?

"प्यालोय," यल्लाप्पा म्हणाला.

"आबा!" दीपमाला किंचाळली.

"गप बस तू! प्यालोय मी, व्याही. लपवून पितो. आज... आज कबूल केलं. आजपासून सोडली. माझ्या पोरीला शिक्षा देऊ नगा!" आणि त्या ताठ मानेच्या माणसानं सगळ्यांसमोर हात जोडले.

लालासाहेब परत खाली बसले. "ठीक हाय. कबूल केलं, एवढ्यावर सोयरीक राहील. पण लग्नात ह्यांनी पुढं व्हायचं न्हाई. पोरीचा हात तिच्या चुलत्यानं द्यायचा. पंचशील सांगायला दुसरा माणूस बघा."

साखरपुडा झाला. टाळ्या वाजल्या. यल्लाप्पा तेव्हा जिन्यात बसला होता, आणि त्याला एकच गोष्ट कळत होती, की पोरीचं जमलं.

गावात बातमी त्याच्या आधी पोचली. मिरजेच्या पुढं म्हैसाळच्या वाटेवरचं ते छोटं गाव, तिथं काय लपतंय? त्यानं विहाराची किल्ली शेजारच्या तानुबाईच्या हातात ठेवली. "आता माज्या हातनं वंदना नगं, मावशी." म्हातारीनं ती पदराच्या गाठीला बांधली. ज्यांना त्यानं हाताला धरून बाहेर काढलं होतं, ते आता पारावरून हाका मारायचे, "या की यल्लाप्पा, बसा आमच्यात!" आणि खदाखदा हसायचे. तो मान खाली घालून निघून जायचा.

शरीर तर पार बंड करून उठलं होतं. डोकं सकाळपासून जड. तळपाय असे जळायचे, की रात्री तो ओल्या फडक्यावर पाय ठेवून झोपायचा. अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च. आणि आंघोळ! ऊन पाण्याचे दोन तांबे अंगावर घेतले की सगळ्या अंगाला अशी खाज सुटायची, की माणूस रडकुंडीला यावा. गवंडीकामातल्या सिमेंटनं होत असेल, असं तो म्हणायचा. तोंड उन्हानं तांबडं, चक्कर अशक्तपणानं. रक्त कमी झालं असेल म्हणून गावातल्या कंपाउंडरकडून लोहाच्या टॉनिकच्या दोन बाटल्या आणून त्यानं निष्ठेनं संपवल्या होत्या.

एके सकाळी परांचीवर उभं राहून भिंतीला ओळंबा धरता धरता त्याच्या एका डोळ्यापुढं पडदा पडल्यासारखं झालं. दोन मिनिटांत नजर परत आली; पण खाली डबा घेऊन आलेल्या दीपमालानं ते पाहिलं होतं. "आता बास झालं, आबा! येताय का मी आरडू?" असं म्हणून तिनं त्याला मिरजेच्या एसटीत घातलंच.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर प्रमोदिनी म्हणून बाई होत्या. पन्नाशीच्या, शांत. त्यांनी त्याच्या तळव्यांकडं, ओठांकडं, डोळ्यांकडं निरखून पाहिलं, आणि एकाएकी विचारलं, "काका, गरम पाण्यानं आंघोळ केली की खाज येते?"

यल्लाप्पा दचकला. हे ह्यांना कुणी सांगितलं?

"तळपाय जळतात? थोडं खाल्लं तरी पोट भरतं?" डाव्या बरगडीखाली हात दाबून त्या म्हणाल्या, "प्लीहा वाढलीय, ती पोटाला दाबते. बिडी ओढता? धुरात काम? दमा? छातीचा आजार? झोपेत घोरताना श्वास अडकतो? उंच डोंगरावर, बर्फात राहिलात कधी?"

"न्हाई बाई, ह्यातलं कायबी न्हाई."

रक्त तपासलं. दुपारी कागद आला. बाईंनी तो दोनदा वाचला. "काका, तुमचं रक्त कमी नाही, जास्त झालंय! शंभर भाग रक्तात पंचेचाळीसच्या आसपास पेशी हव्यात, तुमच्यात पासष्ट आहेत. काकवीसारखं दाट झालंय ते, पुढं सरकत नाही. कधी फुप्फुसाला, हृदयाला हवा कमी पडली की शरीर अशा तांबड्या पेशी वाढवतं, कधी मूत्रपिंडामुळं वाढतात. ते सगळं तपासूच. पण मला दिसतंय ते असं, की तुमच्या हाडांतला मगजच बेसुमार पेशी तयार करतोय. आणि वर तुम्ही लोहाचं टॉनिक पीत होता! आणखी उशीर झाला असता तर गाठ होऊन लकवा मारला असता."

मग त्या थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तोंड लाल, डोळे लाल, चालताना तोल जातो... लोक तुम्हाला दारुडा म्हणत असतील, नाही?"

अहो, काय झालं म्हणून सांगू! भावानं तोंड हुंगायला मागितलं तेव्हा न रडलेला, गाव हसलं तेव्हा न रडलेला तो पन्नाशी ओलांडलेला गवंडी, त्या परक्या बाईसमोर टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडला! दीपमाला त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"रडू नका. औषध आहे. रक्त काढायचं," बाई म्हणाल्या.

"रक्त काढून माणूस बरा हुतो व्हय?"

"तुमच्यासारखा होतो. आज एक पिशवी काढू, मग आठवड्यानं एक. पुढं जन्मभर अधूनमधून यायचं आणि गोळी चुकवायची नाही."

पहिली पिशवी काढली आणि संध्याकाळी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना यल्लाप्पाला वाटलं, की डोक्यावरचं सिमेंटचं पोतं कुणीतरी खाली उतरवून ठेवलं. दीपमालाचे डोळे चमकत होते. "आबा, चला, इथनंच काकाकडं जाऊ! हा कागद त्यांच्या तोंडावर मारते!"

"थांब." यल्लाप्पानं तिचा हात धरला. "कुणाला सांगायचं न्हाई."

"का पण?"

"अगं येडे, दारुड्याच्या लेकीला नवरा मिळतो. रक्तात रोग असलेल्याच्या लेकीला कोण करून घेतंय? उद्या म्हणतील पोरीच्याबी रक्तात असंल. लग्न हुईपर्यंत मला दारुडाच राहू दे. लय दिस न्हाईत आता."

दीपमालानं कागदाची घडी करून ती आपल्या पिशवीत ठेवली. पोर गप्प बसली म्हणजे तिनं ऐकलं, असं यल्लाप्पा समजला. बापाला लेक किती कळते, हे त्यावरूनच ओळखावं!

मे महिन्यात लग्नाचा दिवस उजाडला. विहारासमोर मांडव पडला होता. तीन पिशव्या रक्त गेलं होतं, चेहऱ्याची लाली ओसरली होती, पाय जमिनीवर नीट ठरत होते. ठरल्याप्रमाणं यल्लाप्पा सगळ्यांत मागं, पाण्याच्या पिंपाजवळ उभा होता. पोरीला नवरीच्या पांढऱ्या साडीत लांबून बघत होता आणि तेवढ्यावरच तृप्त होता.

साताऱ्याची वऱ्हाडाची गाडी आली. लालासाहेब उतरले. पुढच्या खुर्च्यांकडं न जाता, गर्दी बाजूला सारत ते तरातरा मागं यायला लागले. त्यांच्या मागं खाली मान घातलेला कुणाल. यल्लाप्पाला वाटलं, ह्यांना रोगाचं कळलं! मोडलं लग्न!

"तुमी प्याला न्हवता," लालासाहेब म्हणाले.

यल्लाप्पानं घाईनं आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही.

"तुमची लेक कागद घिऊन चुलत्याकडं गेली, आणि तुमचा भाऊ परवा सकाळी माझ्या दारात येऊन रडला. मी मिरजेला गेलो. डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, पोरीला हुईल का? त्या म्हणाल्या, सहसा असं बापाकडनं लेकराकडं जात न्हाई. मी घरी येऊन रोहनला सांगितलं. तो म्हणाला, हुणार असतं तरी मी हिच्याशीच केलं असतं!" हवालदारांनी त्याचा हात धरला. "सोयरे... पुढं चला. आज पंचशील तुमीच सांगायचं."

"दादा..." कुणाल पुढं आला. मग तो भर मांडवात, इस्त्रीच्या कपड्यांनिशी मातीत बसला आणि त्यानं भावाचे पाय मिठीत घेतले. "मला मार दादा... पण बोल माझ्याशी! तुझं तोंड हुंगायला निघालो होतो मी... तुझं!"

यल्लाप्पानं त्याला उठवलं. लहानपणी शाळेत जाताना पुसायचा तसं त्याचं तोंड आपल्या उपरण्यानं पुसलं. "आरं, पोरीवरच्या मायेनंच बोललास नव्हं? चल, वऱ्हाड खोळंबलंय."

तानुबाई पळत घरात गेली आणि त्याचा पांढरा सदरा घेऊन आली. तो बुद्धांच्या मूर्तीसमोर उभा राहिला. नवरानवरीनं हात जोडले, सगळा मांडव उठून उभा राहिला. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं... आणि चौथ्यापाशी यल्लाप्पा थांबला. खोटं न बोलण्याचं ते शील! लोक एकमेकांकडं बघायला लागले.

"मंडळी," तो म्हणाला, "हे शील सांगायचा मला हक्क न्हाई. मी खोटं बोललो. न प्यालेली दारू प्यालो म्हणालो... आणि तेबी खोट्याची चीड असलेल्या माणसाच्या तोंडावर. लेकीसाठी बोललो, पण बोललो. आज तुमच्यासंगं मी हे नव्यानं घेतो."

"मीबी घेतो!" लालासाहेब पुढच्या रांगेतून म्हणाले. "खऱ्या माणसाला खोटं बोलायला मी लावलं."

एकेक शब्द सावकाश उच्चारत त्यानं चौथं शील सांगितलं. दीपमालाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

मग यल्लाप्पानं मान ताठ केली, छाती भरून श्वास घेतला, आणि मांडवाच्या पलीकडं पारावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात पाचवं शील, दारूला न शिवण्याचं शील सांगितलं. सगळ्या मांडवानं ते त्याच्या मागून म्हटलं. सगळ्यांत मोठा आवाज कुणालचा होता.