तिसरी वायर

गाडी मिसिंग मारते आहे, हे त्याला आधी चहाने सांगितलं. रोज सकाळी शेडमध्ये इंजिन चालू करून तो डॅशबोर्डवर कप ठेवायचा. चहावर बारीक वर्तुळं उठायची आणि शहाण्या मुलांसारखी एकामागून एक काठाला जायची. त्या दिवशी ती अडखळत होती. तीन नीट, एक गायब. तीन नीट, एक गायब.

त्याने चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून काढली होती. गल्ली अजूनही त्याला लाइनकाका म्हणे. खांबावर चढून चढून गुडघे झिजले होते, पण कान शाबूत होते. बायको जाऊन चौदा महिने झाले होते, आणि चौदा महिन्यांत घराने बोलणं जवळजवळ सोडलं होतं. नळ ठिबकला तरी त्याला कोणी आल्यासारखं वाटायचं.

बॉनेट उघडायच्या आत लेकीचा फोन आला.

"बाबा, रविवारी नक्की ना?"

"नक्की म्हणजे नक्की."

"बसने या म्हटलं तर ऐकत नाही तुम्ही. त्या खटाऱ्याचं काय खरं?"

"बसने आलो तर वेळ आल्यावर तुला दवाखान्यात काय खांद्यावर बसवून नेऊ?"

"न्या की. लहानपणी न्यायचात."

दोघंही हसले. तिला आठवा लागला होता. जावई जहाजावर, दोन महिने तरी किनारा नाही. "तुमची खोली लावून ठेवलीय," ती म्हणाली. "एकटीला घर फार मोठं वाटतं हो, बाबा."

"आलोच," तो म्हणाला. जगात आता त्याला तिच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि या घडीला तिलाही त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. गाडी धड झाली पाहिजे, एवढंच काम होतं.

त्याने मीटर काढला. डिस्ट्रिब्यूटरपासून प्लगपर्यंत जाणाऱ्या चार वायरी, चौघींचं वय सारखंच. पहिलीवर काटा हलला, दुसरीवर हलला, चौथीवर जरा कुरकुरत का होईना, हलला. तिसरीवर काटा ढिम्म राहिला. वायर आतून तुटलेली होती. लाइनमनच्या भाषेत, मेलेली लाइन.

खात्री करायला त्याने इंजिन चालू करून रेडिओ लावला. वायरी जुन्या झाल्या की रेडिओ तडतडतो, हे त्याला ठाऊक होतं. रेडिओ तडतडलाही. पण तुटकी वायर सगळ्यांत जास्त तडतडायला हवी होती, आणि इथे नेमकं उलटं होत होतं. तीन तडाखे, आणि चौथ्याच्या जागी स्वच्छ शांतता. घासूनपुसून ठेवलेल्या ताटासारखी.

त्या शांततेत काहीतरी होतं.

त्याने एरियलची पिन उपटली. तडतड चालूच राहिली. त्यात नवल नव्हतं, ती इंजिनातूनच येत होती. मग त्याने कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून इंजिन इतकं मंद केलं की ते आता विझेल की मग, असं झालं. तडाखे लांब लांब पडू लागले आणि मधली पोकळी रुंद झाली.

व, असं त्या पोकळीतून आलं. मग तीन तडाखे. ळ. तीन तडाखे. णा.

त्याने कप उचलला, आणि न पिता परत ठेवला.

लांबच्या प्रवासात बायको शेजारच्या सीटवर बसून रेडिओचा कान पिळत बसायची, आणि काही लागलं नाही की स्वतःच गुणगुणायची. शब्द तिचेच, चालही तिचीच:

वळणामागं वळण, वाट सरता सरेना,
शेजारी गं माझं माणूस, मला पोचायचं सुचेना.

"अगं, गाण्यात तरी पोच," तो चिडवायचा. "तुम्हीच पोचा, मी मजेत आहे," ती म्हणायची.

दुपारपर्यंत तो गाडीतच बसून होता. आपण म्हातारे झालोय, असं त्याने एकदा स्वतःला बजावलं. एकटा माणूस पंख्याच्या घरघरीतही हाका ऐकतो, असंही सांगून पाहिलं. पण त्याने लाइनीवरची खरखर उभा जन्म ऐकली होती. खरखरीला उच्चार नसतो.

दुसऱ्या दिवशी तो स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. बरोबर एक सुतळी होती, चार गाठी मारलेली. प्रत्येक गाठ म्हणजे एका वायरीची लांबी.

दुकानदाराने गाडीचं मॉडेल ऐकून चष्मा कपाळावर चढवला. "ही अजून चालते? काका, तुम्ही हिला चालवता की ही तुम्हाला?"

"दोघं एकमेकांना ढकलतो."

"तयार सेट मिळायचा नाही. मोजून घ्यावा लागेल. प्लगवरच्या टोप्या सरळ की वाकड्या?"

"तीन सरळ. तिसऱ्याची वाकडी."

दुकानदाराने काउंटरवर दोन वेटोळी ठेवली. एक काळं, एक लाल. "हे कार्बनवालं. आत दोरा असतो, आवाज मारतो. रेडिओ एकदम स्वच्छ. हे कॉपरचं. ठिणगी जोरदार, पण रेडिओ लावलात तर कढईत मोहरी पडल्यासारखं वाटेल. तुम्ही गाडीत रेडिओ ऐकता?"

"ऐकतो."

"मग डोळे मिटून कार्बन घ्या."

तो कार्बनच घ्यायला आला होता. काळं वेटोळं त्याने हातात घेतलं, वाकवून पाहिलं, वासही घेतला. लेकीला घेऊन धावायची वेळ आली तर गाडी गपगुमान चालायला हवी. हे सगळं कळत असताना त्याचा हात लाल वेटोळ्यावर गेला.

"कॉपर द्या."

"अहो, रेडिओवर काही ऐकू येणार नाही."

"येतं," तो म्हणाला.

दुकानदार सुतळीवरून माप घेत राहिला. "लोक माझ्याकडे आवाज घालवायला येतात, काका," तो वायर कापता कापता म्हणाला. "राखायला आलेले तुम्ही पहिलेच."

शनिवारी सकाळी त्याने काम काढलं. वायरी बदलताना सगळ्या एकदम उपटायच्या नाहीत. एक काढायची, एक बसवायची, म्हणजे कुणाची जागा कुणाला जात नाही. त्याने पहिली बदलली, दुसरी बदलली, मग तिसरी ओलांडून चौथी बदलली. इंजिन चालू केलं. आता तीन तडाखे खिळे ठोकल्यासारखे लख्ख पडत होते आणि मधली पोकळी खोल विहिरीसारखी झाली होती.

पण गाणं नव्हतं. पोकळीत कोणीतरी नुसतं श्वास घेत होतं.

त्याने रेडिओ बंद केला. श्वास चालूच होता.

इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली. शेडमध्ये उन्हाची एक पट्टी आणि गरम लोखंडाचा वास. त्याने तिसरी वायर दोन्ही टोकांनी सोडवून हातात घेतली. हातभर लांब, तडकलेली, कशालाच न जोडलेली. तिच्यातून बारीक गुणगुण येत होती. नळाला कान लावल्यावर लांबचं पाणी ऐकू यावं तशी.

खुंटीवर त्याचा जुना टेस्ट फोन होता. दोन चिमटे असलेला रिसीव्हर. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनीच तो त्याच्या पिशवीत टाकला होता. खांबावर चढल्यावर लाइनमन आधी चिमटे लावून ऐकतो. कोणी बोलत असेल तर गुपचूप चिमटे काढतो. लाइनीवर कोणी रडत असो, भांडत असो, तुझ्या घरचंच कोणी असो, दुसऱ्याच्या लाइनवर तोंड उघडायचं नाही. हे त्याच्या उस्तादाने त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि चौतीस वर्षांत त्याने ते एकदाही मोडलं नव्हतं.

त्याने वायरीच्या दोन टोकांना दोन चिमटे लावले.

गुणगुण थांबली. "हॅलो?" ती म्हणाली.

चिमटे काढायला हात उठला आणि तसाच राहिला.

"मी," तो म्हणाला.

"मी म्हणजे कोण?"

"अगं, मी."

"राँग नंबर लागलाय तुम्हाला," ती म्हणाली. तिने रिसीव्हर जरा लांब धरला असावा. "अहो, कोणीतरी नुसतं मी मी म्हणतंय बघा."

मागे पाना ठेवल्याचा आवाज झाला. कोणीतरी खाकरलं. ते खाकरणं त्याच्या ओळखीचं होतं, सकाळी आरशासमोर तो तसंच खाकरायचा. "ठेव गं," तो पुरुष म्हणाला. "लाइन क्रॉस झाली असेल."

आवाज त्याचाच होता.

"लाइन क्रॉस झालीय म्हणे," ती म्हणाली. "ह्यांना त्यातलं कळतं. ठेवू का?"

"नको," तो म्हणाला. "कुठे निघालात का?"

"लेकीकडे. उद्या. आठवा लागलाय तिला, जावई लांब. तेवढी ही गाडी सुरळीत व्हायची खोटी." मग ती थांबली. जेवताना त्याचा हात थांबला की ती अशीच थांबायची. "तुमचा आवाज असा का हो? घरी कोणी नाही का?"

"नाही."

"मग लगेच ठेवू नका. हे गाडीत गुंतलेत, मी मोकळीच आहे."

ती बोलत राहिली. कुंडीतल्या रोपाबद्दल, गुडघ्याला लावायच्या तेलाबद्दल, बाळाला शिवलेल्या झबल्याचा एक हात लांब झाला त्याबद्दल. तो हं हं म्हणत राहिला. परक्या माणसाशी बोलावं तशी ती अदबीने बोलत होती, आणि चौदा महिन्यांत त्याच्याशी इतकं कोणी बोललं नव्हतं. उन्हाची पट्टी दारातून सरकत भिंतीवर गेली. मधूनच मागचा पुरुष काहीतरी म्हणायचा आणि ती हसायची. त्या प्रत्येक हसण्याला तो रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट दाबायचा.

"बरं, ठेवते हं," ती अखेर म्हणाली. "ह्यांची तिसरी वायर बसली."

चिमट्यांमध्ये नुसतं रबर उरलं.

त्याने चिमटे काढून टेस्ट फोन खुंटीवर टांगला. मग त्याने लाल वेटोळ्यातली शेवटची वायर घेतली, वाकडी टोपी प्लगवर दाबली आणि टिकदिशी बसल्याचा आवाज येईपर्यंत हात काढला नाही. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. चारही ठोके सरळ. रेडिओ लावला, तर सलग तडतड. एवढीशीही फट नव्हती.

रविवारी सकाळी तो निघाला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. शेजारच्या सीटवर बॅग होती.

अर्ध्या वाटेवर त्याने पेट्रोल पंपावर गाडी लावली. पंपवाला टाकीचं झाकण उघडता उघडता हसला.

"परत? मघाशीच फुल केली की."

"मी?"

पंपवाल्याने आता नीट पाहिलं. "माफ करा. अर्ध्या तासापूर्वी अश्शीच गाडी होती. नवरा-बायको होते. बाई गात होत्या."

"नंबर पाहिलात?"

"नंबर कोण बघतं, काका? पण उजवा दिवा असाच चिरलेला होता."

त्याने लेकीला फोन लावला. लाइन व्यस्त होती. पुन्हा लावला, तरी व्यस्तच.

तो जोरात निघाला. वळणामागून वळण गेलं. पुढे प्रत्येक वळणावर थोडी धूळ तरंगत असायची, नुकतंच कोणी गेल्यासारखी.

लेकीच्या अंगणात गाडी उभी होती.

त्याने आपली गाडी फाटकाबाहेर लावली. खाली उतरला. अंगणातल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होतं.

माडीवरच्या खोलीची खिडकी उघडी होती. त्याच्यासाठी लावलेल्या खोलीची. कठड्यावर दोन उशा उन्हात टाकल्या होत्या.

आतून लेकीचं हसणं आलं. लहानपणी खांद्यावर बसल्यावर ती हसायची, तसं मोकळं. फोनवर तिचा आवाज गेले कित्येक महिने असा नव्हता. क्षणभर त्याला बरं वाटलं. अगदी खरं बरं वाटलं.

मग त्याने बेल दाबली.

पावलं आली. जड, सावकाश. दार उघडलं आणि लेक उंबऱ्यात उभी राहिली. एक हात कमरेवर, गालावर हसू अजून ओलं.

"आलो गं," तो म्हणाला.

तिने त्याच्या खांद्यावरून फाटकाकडे पाहिलं. मग रस्त्याच्या या टोकाला, मग त्या टोकाला.

"कोण आहे गं?" स्वयंपाकघरातून तिच्या आईने विचारलं.

"कोणी नाही, आई," लेक म्हणाली. "बेल आपली आपणच वाजली."

"वायर सैल झाली असेल," आतून त्याचाच आवाज म्हणाला. "हात धुतो आणि बघतो."