गोंद वाळला का?

रेनकोट गिटारच्या अंगावर आणि माणूस नखशिखांत भिजलेला, अशा अवतारात तो त्या बापलेकीच्या गिटारदुरुस्तीच्या दुकानात पहिल्यांदा शिरला, आणि तिच्या बाबांनी त्याचं नाव 'रेनकोट' ठेवून टाकलं. शहाणी गिऱ्हाइकं कमीच येतात म्हणा, पण हा नमुना तिला आवडला. नंतर तो काहीबाही निमित्त काढून येतच राहिला, आणि तीही दाराकडे डोळे लावून बसू लागली.

या खेपेला मात्र निमित्त खरं होतं. दमट हवेने गिटारचं पोट फुगलं होतं आणि तारा धरून ठेवणारी लाकडी पट्टी उचकटली होती. तिने ती चिकटवून दाबून ठेवली. आज दुपारच्या गाडीने तो दूरच्या, कोरड्या हवेच्या गावी निघणार होता. तिथल्या संगीतशाळेत नोकरीसाठी वाजवून दाखवायचं होतं. निवड झाली की मुक्काम तिकडेच.

गोंद कालच खडखडीत वाळला होता. पण जिथे धुतलेला रुमाल चार दिवस ओला राहतो, तिथे तिने 'नाही वाळला' म्हटलं तर कोण शंका घेणार?

"वाळला?" त्याने विचारलं. नजर गिटारवर नव्हती, तिच्यावर होती.

तिने पट्टीवरून उगाच बोट फिरवलं.

"नाही... अजून ओल आहे. आत्ता तारा ताणल्या तर पट्टी उखडेल."

"मग राहिलंच." तो स्टुलावर बसला, खिशातून फोन काढला. "येत नाही म्हणून कळवतो."

झालं की मनासारखं! आनंद व्हायला हवा होता. पण नंबर शोधता शोधता त्याच्या डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर चालत होती... गिटार जवळ नाही, तरी गाणं चालूच. ते बघून तिला स्वतःचाच राग आला.

"थांबा," ती म्हणाली. "वाळलाय. कालच. मी खोटं बोलले."

"का?"

"तिकडची हवा कोरडी. लाकूड आक्रसतं, तडे जातात..."

"गिटारला?"

"मला," ती म्हणाली. कान तापले होते, पण आता माघार कुठली? "तुम्ही जाऊ नये असं वाटलं. म्हणून."

कोपऱ्यात हवेतली ओल शोषणारं यंत्र घुरघुरत होतं. त्याने फोन परत खिशात ठेवला.

"तुमच्या बाबांनी सकाळीच फोन केला होता," तो म्हणाला, "गोंद वाळलाय म्हणून."

"मग मला कशाला विचारलंत?"

"तुम्ही नाही म्हणाल अशी आशा होती. मलाही निमित्तच हवं होतं ना... पण तुम्ही खरं बोलून पंचाईत केलीत. आता जावं लागणार."

तिने तारा चढवल्या. एकेक तार ताणताना तिने श्वास रोखला, पण पट्टी तसूभरही हलली नाही.

"निवड झाली तर?" गिटार खांद्याला लावत त्याने विचारलं.

"मंगळवारी दुकान बंद असतं. येऊन बघेन, तिकडची हवा मला मानवते का."

"आणि नाहीच मानवली तर?"

"तुम्हाला इकडची मानवते की," ती म्हणाली, आणि गाडी चुकू नये म्हणून तिनेच त्याला दाराबाहेर ढकललं.