ओल्या लच्छीचा रंग

“तू फक्त बुटांचं विचार. पुढचं माझ्यावर सोड!” वकील कुजबुजला.

“आणि त्यानं परत हात पिरगळला तर?” चिमणीनं बाही मनगटावर ओढली.

वादात कुणाला म्हणून हार जात नाही, म्हणून भावाला सगळे वकील म्हणत. चिमणी त्याची धाकटी बहीण, दिवसभर चिवचिव! सुट्टीत दोघं मावशीकडे आली होती. मावशी सूत रंगवायच्या कारखान्यात कामाला. काल चिमणीनं वाळत घातलेल्या सुताच्या लच्छीला नुसतं बोट लावलं, तर मॅनेजरनं तिचं मनगट असं पिरगळलं की डोळ्यांत पाणीच आलं. पण मावशीची नोकरी जाईल म्हणून दोघं घरी गप्प बसली. आणि आज ती नोकरी तशीही जायलाच निघाली होती!

दोघं कारखान्याच्या दारात उभी होती. आत परदेशी ग्राहक बाई टेबलावर लच्छ्या आपटत होत्या. मॅनेजरनं फोनवर इंग्रजीत सांगितलेला रंग गडद होता, आणि माल निघाला फिका.

“हिनं रंगच कमी घातला, मालक!” मॅनेजर मावशीकडे बोट दाखवून ओरडला. “हाकला हिला!”

मावशी मान खाली घालून उभी होती. मालकांनी तर होकार भरलासुद्धा!

“अय्या काका,” चिमणी मध्येच गोड आवाजात म्हणाली, “तुमच्या पांढऱ्या बुटांवर हे जांभळे ठिपके कसले?”

“जांभळे काय? डीप रेडिश पर्पल म्हण!” मॅनेजर फुशारला. “बाईंना फोनवर रंग सांगत होतो ना, तेव्हा हातातल्या लच्छीतून ठिबकलं. येतं का असं इंग्रजी तुझ्या मावशीला?”

“ठिबकलं?” वकिलानं झडपच घातली. “म्हणजे लच्छी ओली होती! ओलं सूत गडद दिसतं, काका! तुम्ही ओल्या लच्छीचा रंग सांगितलात!”

चिमणीनं फिकी लच्छी पाण्याच्या बादलीत बुचकळली आणि उंच धरली.

“येस! धिस!” बाई ओरडल्या. मॅनेजरचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

“शाब्बास रे पोरांनो!” मालक म्हणाले. “मावशी, तुमची नोकरी कुठं जात नाही. पण बाईंना वाळल्यावरही असाच रंग हवा. नमुना कुठून आणायचा?”

हात वर धरल्यामुळे चिमणीची बाही घसरली होती. मनगटावर बोटं उमटली होती. गडद, लालसर जांभळी.

“दॅट!” बाई पुढे झाल्या. “एक्झॅक्टली दॅट!”

“काल ह्यांनीच तिला...” वकील बोलू लागला.

“ते नंतर, बाळा!” मालक घाईनं म्हणाले. “उद्या हिरवा पडेल तो डाग. मावशी, लागा कामाला! पोरगी मोठी गुणाची हो तुमची!”

चिमणीला बसायला स्टूल मॅनेजरनंच आणून दिलं.

मावशीनं ती बोटं पाहिली, मग मॅनेजरचा हात पाहिला. तरी तिनं रंग जुळवायला सुताचा धागा चिमणीच्या मनगटाला लावला.

“दुखतंय का गं?”

“हो.”

“पटकन करते हं,” मावशी म्हणाली. “तू फक्त हात हलवू नकोस.”