वळणमोल

काचेपलीकडच्या खोलीत एक मुलगा आणि एक मुलगी पाठीला पाठ लावून बसले होते. दोघेही नुकतेच पदवीधर झालेले, दोघेही नोकरीच्या शोधात. दोघांच्याही कानात एकच यंत्र एकाच वेळी बोलत होतं. यंत्राचं नाव वाटाड्या. नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाला सल्ला देणं हे त्याचं काम. राज्य नियुक्ती केंद्राच्या नाशिक इथल्या अनुनय प्रयोगशाळेत ते तयार झालं होतं. डॉ. उद्धव निरगुडकर स्वतःला त्याचे जन्मदाते म्हणवून घेत, आणि पाहुणे आले की हा शब्द त्यांच्या तोंडून हटकून बाहेर पडे.

आजचे पाहुणे मंत्रालयातून नव्याने आलेले सहसचिव भालेराव होते. त्यांना ऐकू यावं म्हणून निरगुडकरांनी खोलीतला आवाज बाहेर घेतला.

"चाकणच्या मुलाखतीला अवश्य जा," वाटाड्या मुलीला सांगत होता. "ती जागा जणू तुझ्यासाठीच निघाली आहे. तुझ्याइतकं लायक मला दुसरं कोणी दिसत नाही."

मुलाला तो त्याच क्षणी सांगत होता, "चाकणचा नाद सोड. ते काम तुला झेपणार नाही."

भालेरावांनी मान डोलावली. "म्हणजे मुलीला पाठवायचं आहे."

"मुलाला," निरगुडकर हसले. "त्याला कोणी नाही म्हटलं की तो पेटून उठतो. उद्या सगळ्यांच्या आधी दारात उभा असेल. मुलीचं उलटं आहे. कोणी हरभऱ्याच्या झाडावर चढवायला लागलं की तिला संशय येतो. एवढं गोड बोलतायत म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, असं म्हणून ती घरी बसेल."

"पण मग तुमचं यंत्र खोटं बोलतं, असंच झालं की."

उत्तर डॉ. फरीदा मुजावर यांनी दिलं. वाटाड्यामागचं गणित त्यांनी मांडलेलं होतं, आणि त्या मोजकंच बोलत. "खरं-खोटं हा त्याचा विषयच नाही, सर. या माणसाने काय करायला हवं, हे आधी ठरतं. मग कोणतं वाक्य ऐकलं की तो ते करेल, हे शोधलं जातं. सापडलं की तेवढंच बोलायचं. आम्ही याला प्रतिसाद-गणित म्हणतो. मनुष्य एकटा राहत नसतो, म्हणून त्याच्या घरची माणसं, मित्र, शेजारी काय बोलतील, तेही त्यात धरलेलं असतं."

"पण लोकांना सरळ सल्ला द्यायला काय हरकत आहे?"

"पूर्वी देत होतो," निरगुडकर म्हणाले. "आत्मविश्वासाने बोला, पण फाजील नको. खरं सांगा, पण सगळं सांगू नका. सगळ्यांना तेच. मग काय झालं? राज्यातले झाडून सगळे उमेदवार सारखं हसायला लागले. तुमच्यातला दोष कोणता, असं विचारलं की एकजात सगळे म्हणणार, मी कामात जरा जास्तच बारकाई करतो. मालक लोक कंटाळले. आणि जागा काय सल्ल्याने वाढतात का? जागा एक, उभे चाळीस. एकाचं भलं होणार, बाकीचे तोंड पाडून घरी जाणार. तेव्हा आमच्या लक्षात आलं, की एकाला आत पाठवणं सोपं आहे. खरं काम आहे ते बाकीच्यांना वाटेतूनच वळवण्याचं."

"त्यांना हे कळतं?"

"छे! आपणच विचार करून गेलो नाही, असं त्यांना वाटतं. माणसाला नकार झोंबतो, स्वतःचा निर्णय झोंबत नाही. गेल्या वर्षात राज्यातल्या एकाही मुलामुलीने 'तुमची निवड झाली नाही' हे वाक्य ऐकलेलं नाही."

"नकारमुक्त राज्य," भालेराव स्वतःशीच पुटपुटले. शब्द त्यांना आवडला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो मंत्र्यांच्या भाषणात जाऊन बसला होता.

जाता जाता भालेरावांनी शेवटची शंका काढली. दोन उमेदवार अगदी तोडीस तोड असले, तर कोणाला पाठवायचं आणि कोणाला वळवायचं?

निरगुडकर याच प्रश्नाची वाट पाहत होते. "त्यासाठी वळणमोल. कल्पना माझी. माणसाला वळवायला किती ढकलावं लागतं, त्याचं ते माप. काही जण महिनाभर समजावलं तरी ढिम्म हलत नाहीत. काही एका शब्दात फिरतात. लायकी सारखी असेल, तर जो सहज वळतो त्याला वळवायचं. उगाच कोणाला जास्त त्रास का द्या?"

हे शेवटचं वाक्य त्यांनी फार मायेने उच्चारलं. फरीदा तेव्हा खिडकीबाहेर पाहत होत्या.

निरगुडकरांची मुलगी ऋजुता त्या वर्षी भूजलशास्त्रात पहिली आली होती. या मुलीला पाण्याचं वेड होतं. सुट्टीत मैत्रिणी समुद्रावर जात, ही दोर आणि वजन घेऊन सिन्नरकडच्या विहिरींची पातळी मोजत हिंडे आणि मातीने बरबटून परत येई. लेकीचं बोलणं निघालं की निरगुडकरांचा चेहरा बदलायचा. दिवसभर माणसांची मनं मोजणारा हा गृहस्थ तिच्यापुढे साधा, भाबडा बाप होता.

त्या हंगामात तिच्या विषयातल्या दोनच जागा निघाल्या. एक जालन्याच्या भूजल निरीक्षण ठाण्यावर, म्हणजे उन्हातान्हात गावोगाव भटकण्याची. दुसरी नाशिकच्याच भूजल संशोधिनीत, जिचं नाव काढलं की लोक खुर्चीत सावरून बसत. आणि नियम असा, की एका हंगामात एकाच जागेसाठी नाव देता येई.

एका सकाळी ऋजुता स्वयंपाकघरात आली ती नाचतच. "बाबा, मी वाटाड्याला विचारलं. तो म्हणाला, जालन्याला जा. तिथलं काम तुला घडवेल, म्हणाला."

निरगुडकरांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

केंद्राच्या माणसांना घरच्यांची नोंद उघडायची मनाई होती. आपल्या मुलीला पाठवायचं ठरलंय की वळवायचं, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. पण इतकी वर्षं ते याच धंद्यात होते. पहिली आलेली पोर, तिला जालन्याला धाडतायत! म्हणजे संशोधिनीच्या दारातून तिला बाजूला काढणं चाललंय. आपल्याच घरात, आपल्याच यंत्राने! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जालन्याला नाव द्यायचं नाही," ते म्हणाले. "संशोधिनीत दे."

"पण वाटाड्या..."

"वाटाड्या कोणी बनवला?"

ऋजुता हसली. "तू."

"मग त्याचं ऐकणार की माझं?"

"पण बाबा, मला जालना खरंच आवडलं होतं रे. तिथल्या विहिरी..."

"विहिरी कुठे पळून जात नाहीत. माझ्यावर विश्वास आहे ना?"

असा प्रश्न विचारल्यावर ती काय बोलणार? लहानपणी सायकल शिकताना तिने मागे वळून कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी धरलंय म्हणजे धरलंय. तिने संशोधिनीसाठी नाव दिलं. आतली गोष्ट तिला सांगायची नाही, अशी केंद्राची शपथ होती, आणि ती मोडावी न लागता काम झालं म्हणून निरगुडकर दिवसभर खुशीत होते. वाटाड्याला आज बापाने चकवलं, असं त्यांनी मनातल्या मनात दोनदा तरी म्हटलं असेल.

जालन्याची जागा तिच्याच वर्गातल्या एका मुलाला मिळाली. त्यानंतर संशोधिनीने जाहीर केलं, की यापुढे त्यांच्याकडची माणसं निरीक्षण ठाण्यांवर काम केलेल्यांमधूनच घेतली जातील. ज्यांनी नुसत्या पदवीवर नावं दिली होती, त्यांची नावं आपोआप बाद झाली. नकार कोणालाच मिळाला नाही. ऋजुतालाही नाही.

ती रडली नाही. "असू दे बाबा, तुला तरी कसं कळणार होतं," असं उलट तिनेच त्यांना समजावलं, आणि दोर-वजनाची पिशवी माळ्यावर टाकली. बापाच्या काळजाला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी निरगुडकर तडक फरीदांच्या खोलीत गेले.

"माझ्या मुलीचं काय ठरलं होतं, मला पाहायचंय."

"नियम तुम्हीच केलाय, सर."

"फरीदा, प्लीज."

फरीदांनी वाटाड्यालाच विचारलं. उत्तर पडद्यावर उमटायला क्षणही लागला नाही. ऋजुता उद्धव निरगुडकर. जालना ठाणे. निर्णय: वळवणे.

"जालन्यापासून वळवणे?" निरगुडकर गोंधळले. "अहो, पण त्याने तिला जालन्याला जा म्हणून सांगितलं होतं!"

"हो."

"मग?"

"सर, खरं-खोटं हा त्याचा विषय नाही," फरीदा हळू आवाजात म्हणाल्या. हे त्या नेहमी पाहुण्यांना सांगत. निरगुडकरांना सांगायची वेळ कधी आली नव्हती. "जालन्याची जागा चांगली होती. संशोधिनीची वाट तिथूनच जाणार, हे वाटाड्याला ठाऊक होतं. त्या जागेसाठी ऋजुता आणि तो मुलगा अगदी बरोबरीचे होते. तो मुलगा हट्टी. त्याला वळवायचं तर महिना गेला असता. ऋजुताला 'जा' म्हणायचं, एवढंच पुरेसं होतं. ती ते घरी येऊन तुम्हाला सांगणार. तुम्हाला वाटणार, हा माझ्या मुलीला बाजूला काढतोय. पुढचं तुम्हीच केलंत."

निरगुडकर खाली बसले.

"घरची माणसं गणितात धरलेली असतात, सर. तुम्हाला वेगळं कशाला ठेवलं असेल?"

"पण मी... मला सगळं ठाऊक आहे, फरीदा. आतलं सगळं."

"म्हणूनच तर. आतलं ठाऊक असलेला माणूस घरात असणं, यापेक्षा स्वस्त काय असणार? राज्यात सगळ्यांत कमी वळणमोल तिचं आहे. ती दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. तुमचं ऐकते."

मग निरगुडकरांनी विचारलं, "आता मी तिला सगळं सांगितलं तर?"

"सांगा ना. मी अडवणार नाही." फरीदांनी पडदा बंद केला. "फक्त एक लक्षात ठेवा. आपण आत्ता हे विचारलं, ते वाटाड्यालाच विचारलं. तुम्हाला कळलंय, हे आता त्यालाही कळलंय."

पुढच्या हंगामात औंढ्याच्या निरीक्षण ठाण्यावर एक जागा निघाली. ऋजुताने माळ्यावरची पिशवी खाली काढली, झटकली, आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. निरगुडकर बाहेरच्या खोलीत बसले होते. ती हातात वाटाड्याचे सल्ले उमटणारी सल्लापट्टी घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"बाबा, गंमत ऐक. वाटाड्याला विचारलं, औंढ्याला नाव देऊ का. तर काय म्हणाला माहितीये? म्हणाला, 'वडिलांना विचार.' बघ, त्यालाही तुझी किंमत कळली शेवटी!"

ती हसत होती.

जा म्हणावं? पण आपल्याला सगळं कळलंय, तेव्हा आपण जा म्हणणार, हे त्याने धरलंच असेल. मग जाण्यातच काहीतरी खोट असेल. जाऊ नको म्हणावं? आपण असा उलटा विचार करणार, हेही त्याला ठाऊकच. मागच्या वेळी अशीच हुशारी केली होती. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला आड, आणि मध्ये ही पोर डोळे मोठे करून त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलेली.

एक वाट उरली होती. सगळं सांगून टाकायचं. वळणमोल काय असतं, ते कोणी काढलं, जालन्याची जागा कोणी घालवली. शपथेचं त्यांना आता काही वाटत नव्हतं. पण हे ऐकल्यावर ती आपल्याकडे कशी पाहील, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. लेकीच्या मनातून उतरायची त्यांची तयारी नव्हती. गोष्ट एवढीच होती, आणि वाटाड्याला एवढीच पुरेशी होती.

"बाबा?"

"तुझं तू ठरव," ते म्हणाले. "तुझ्या मनाला येईल ते कर."

ऋजुताचं हसू हळूहळू मावळलं. बाबा कधी असं बोलत नसत. माझ्यावर विश्वास ठेव, असं म्हणणारा बाप आज खाली मान घालून बोलत होता. म्हणजे बाबांना वाटतंय की आपल्याच्याने होणार नाही, आणि ते बोलून दाखवायचं त्यांच्या जिवावर येतंय, असं तिने धरलं. तिने सल्लापट्टीवर बोट फिरवून औंढ्याचं पान मिटवून टाकलं.

"अगं, हे काय केलंस?"

"नको बाबा. तुझ्या तोंडावरूनच कळलं मला," ती उठत म्हणाली. "तू नुसतं 'जा' म्हणाला असतास ना, तर गेले असते मी."