प्रकाशसंमेलन

"पुन्हा चक्र!" भोंगा म्हणाला, आणि वर्तमानपत्र वाचत बसलेल्या दोन आजोबांनी एकदमच चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. भोंग्याला हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं. तो कानात काही सांगायला लागला तरी ते गल्लीच्या टोकापर्यंत पोचायचं, म्हणून तर त्याचं नाव भोंगा पडलं होतं.

वाचनालयातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर ते मेलं चक्र गरगर फिरत होतं. सकाळी नेट कसं झकास चालायचं. दुपारी मुलं जेवून आली की ते मान टाकायचं, आणि वाचनालय बंद व्हायच्या बेताला पुन्हा ताजंतवानं व्हायचं. सुट्टी लागल्यापासून रोज हेच चाललं होतं.

"हे आपोआप होत नाहीये," शंकी म्हणाली.

"झालं! वळवळला हिच्या डोक्यात किडा," मुंगी म्हणाली. मुंगी वर्गात सगळ्यांत लहानखुरी, पण चावायला पक्की.

शंकीचा स्वभावच संशयी. दूध पातळ वाटलं की ती दूधवाल्याकडे रोखून बघायची, आणि मांजर शहाण्यासारखं बसलेलं दिसलं की आधी स्वयंपाकघरातली भांडी तपासायची. पण आजच्या संशयाच्या पोटात काळजीही होती. शेजारच्या खुर्चीत तिची ताई बसली होती. ताईला नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं होतं आणि सरावाचे पेपर फक्त नेटवर होते. घरात फोन एकच, तो आईबरोबर कामावर जायचा. सकाळी ताई बेकरीच्या काउंटरवर उभी असायची. तिच्या हाती उरायची ती दुपार, आणि नेमकं दुपारीच नेट रुसायचं. आत्ताही पेपर अर्धा सोडवून झाला होता आणि पडदा पांढराफटक पडला होता.

तेवढ्यात चिटणीसकाका आले. वाचनालयाच्या समितीचा सगळा कारभार काकांच्या खांद्यावर होता आणि मागच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात. त्यांनी फिरणाऱ्या चक्राकडे एक नजर टाकली आणि मान हलवली. मुलं दिवसभर खेळ खेळून नेट संपवतात, असं ते म्हणाले. आणि नाहीतरी अभ्यासाला कोणी ते वापरत नाही, तेव्हा शनिवारच्या बैठकीत हे कॉम्प्युटर आणि नेट समोरच्या क्लासवाल्या सरांना सांभाळायला द्यायचं ठरतंय. सर बिचारे मोठ्या मनाने तयार झालेत, असंही त्यांनी सांगितलं.

काका गेल्यावर शंकी म्हणाली, "आपण नेट संपवतो आणि आपण नेट वापरतही नाही. दोन्ही एकदम कसं काय?"

ताईने मात्र बॅग उचलली. सरांच्या क्लासची फी आपल्याला झेपायची नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. "जाऊ दे गं," ती म्हणाली. "बेकरीचे मालक पूर्णवेळ या म्हणतायत. तेच करते." तिने हे शंकीकडे न बघता सांगितलं. ताई लहानपणापासून बाहुल्यांना पट्ट्या बांधत आली होती. एका फिरणाऱ्या चक्रापायी तिने ते सगळं सोडायचं, हे शंकीला मुळीच मान्य नव्हतं.

शंकीचा पहिला संशय गेला ग्रंथपालबाईंवर. नेट गेलं की बाई लगबगीने मागच्या ओसरीत जात आणि फोन कानाला लावून हळू आवाजात काहीतरी बोलत. कोणी आलं की लगेच गप्प. दुसऱ्या दिवशी तिघंही ओसरीच्या दाराआड जाऊन उभी राहिली. भोंग्याला तोंडावर हात ठेवायला लावलं होतं.

"हो, एक दाबला," बाई फोनवर म्हणत होत्या. "दोनही दाबला. आता परत एक कशाला?" मग बराच वेळ त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. फोनमधून बारीक संगीत ऐकू येत होतं.

बाई रोज नेटच्या कंपनीकडे तक्रार करत होत्या! आणि कंपनी रोज सांगत होती, की आमच्याकडून नेट अगदी व्यवस्थित येतंय. शंकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती दाराआडून बाहेर आली आणि तिने सरळ कबूल केलं, "बाई, मला तुमचाच संशय आला होता." बाईंनी फोन बंद केला. मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. माझा संपला ना? आता पुढच्याचा घे."

पण पुढचा कोण? नेट वाचनालयापर्यंत येत होतं आणि कॉम्प्युटरपर्यंत पोचत नव्हतं. मधल्या मध्ये ते जात होतं कुठे?

उत्तर सापडलं ते भोंग्याच्या एका फजितीमुळे. मागच्या सुट्टीत या मुलांनी लहान इयत्तांसाठी धडे वाचून रेकॉर्ड केले होते. बाईंनी ते वाचनालयाच्या पानावर चढवले होते, आणि ते पान फक्त वाचनालयाच्याच नेटवर उघडायचं. झाडं अन्न कसं तयार करतात, हा धडा भोंग्याच्या वाट्याला आला होता. त्यातला 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द जिभेला काही केल्या वळेना, तेव्हा भोंग्याने खणखणीत आवाजात ठोकून दिलं होतं, "हिरवी पानं उन्हात प्रकाशसंमेलन भरवतात." वर्गाने त्याला वर्षभर संमेलनाध्यक्ष म्हणून सळो की पळो केलं होतं. तो धडा काढून टाकायचा मात्र राहूनच गेला होता.

त्या दिवशी संध्याकाळी तिघं घरी निघाली होती. समोरच्या इमारतीत सरांचा क्लास नुकताच सुटला होता. पायऱ्यांवर बसून एक छोटी मुलगी डोळे मिटून पाठ करत होती, "हिरवी पानं उन्हात प्रकाशसंमेलन भरवतात. हिरवी पानं उन्हात..."

शंकी जागच्या जागी थांबली. भोंगा कानापर्यंत लाल झाला.

"हे तुला कोणी शिकवलं गं?" शंकीने विचारलं.

"आमच्या सरांचे धडे आहेत," ती ऐटीत म्हणाली. "खास आमच्या क्लासचे. दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत."

ही चूक साऱ्या जगात एकट्या भोंग्याचीच होती. ती क्लासमध्ये पोचली होती, म्हणजे वाचनालयाचं पान क्लासमध्ये उघडत होतं. म्हणजे वाचनालयाचं नेटही तिकडेच जात होतं. शंकी धावत वाचनालयाच्या मागच्या बोळात गेली. मागच्या खोलीच्या भिंतीला खिडकीजवळ एक नवं भोक दिसत होतं. त्यातून निघालेली काळी वायर वाचनालयाच्या छपरावरून, गल्ली ओलांडून थेट क्लासच्या गच्चीवर गेली होती. इतके दिवस ती सगळ्यांना कपड्यांची दोरी वाटली होती.

"चला, चिटणीसकाकांना सांगू," मुंगी म्हणाली.

शंकीने मान हलवली. काका सरांना विचारणार, सर गोड हसून म्हणणार की ही वायर भलतीच कसलीतरी आहे, आणि रातोरात वायर गायब होणार. शिवाय किल्ली काकांच्याच खिशात होती. मग भोक पाडायला खोली उघडून दिली कोणी? काकांवरही तिचा विश्वास उरला नव्हता. जे व्हायचं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं, असं तिने ठरवलं.

शनिवारी समितीच्या बैठकीआधी सरांनी पालकांसाठी कार्यक्रम ठेवला होता, आणि प्रमुख पाहुणे होते चिटणीसकाका. शंकीने आपला बेत आधी ग्रंथपालबाईंना सांगितला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, वाचनालयाचं दार आतून लावून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "भोंग्या, बस इथे. आणि आज कितीही मोठ्याने बोललास तरी चालेल." शनिवारी सकाळी वाचनालयाच्या पानावर एक नवा धडा चढला. त्याचं नाव होतं 'पाण्याचा प्रवास'.

क्लासचा हॉल पालकांनी भरला होता. शंकी आणि भोंगा मागच्या बाजूला, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. सरांनी आपल्या खास धड्यांविषयी लांबलचक भाषण केलं आणि मोठ्या पडद्यावर सगळ्यांत ताजा धडा लावला. आधी ऐकून बघायची तसदी त्यांनी घेतलीच नव्हती. भोंग्याने पाणी समुद्रातून आकाशात नेलं, ढगात थांबवलं, डोंगरावर पाडलं. पालक माना डोलवत होते. मग भोंग्याचा आवाज एकदम चढला.

"मुलांनो, हा धडा वाचनालयातल्या मुलांनी सगळ्यांसाठी तयार केला आहे. तो ऐकायला एकही पैसा पडत नाही. कोणी तुमच्याकडून पैसे घेत असेल, तर त्यांना विचारा, तुम्ही हा आणला कुठून?"

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. सरांचा चेहरा पडला, पण त्यांनी लगेच सावरून घेतलं. कोणीतरी पोरांनी थट्टा केली असावी, आपण धडे पेनड्राइव्हवर आणतो, त्यात मिसळला असेल, असं ते हसत हसत म्हणाले.

शंकी पुढे झाली. "सर, म्हणजे तुमचं नेट तुमचं स्वतःचं आहे ना?"

"अर्थातच," सर म्हणाले.

"मग पुढचा धडा नेटवरून लावता? आमची काही हरकत नाही."

एवढ्या पालकांसमोर नाही कसं म्हणणार? सरांनी दुसरा धडा लावला. तो सुरू होताच शंकीने खिडकीतून रुमाल हलवला. समोर वाचनालयाच्या दारात मुंगी टपून बसली होती. ती आत पळाली आणि बाईंनी वाचनालयाचं मेन स्विच खाली ओढलं.

हॉलमधले पंखे फिरत होते, दिवे जळत होते, पण मोठ्या पडद्यावरचा धडा गचका खाऊन थांबला. त्याच्या जागी चक्र फिरू लागलं. रोज दुपारी वाचनालयात फिरायचं, तेच. "समोर वाचनालयाचं मेन स्विच बंद केलंय," शंकीने सगळ्यांना सांगितलं आणि पुन्हा रुमाल हलवला. थोड्या वेळाने धडा आपला आपण सुरू झाला. एका आजींनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "तिकडचं बटण दाबलं की इकडचं कसं बंद पडतं हो?"

आता चिटणीसकाका उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "सर, तुम्ही मला विचारलं होतं ना, 'तुमच्या खोलीतून लाइन नेऊ का?'"

"आणि तुम्ही हो म्हणालात!" सर घाईने म्हणाले.

"अहो, मला वाटलं, तुमची लाइन आमच्या खोलीतून पलीकडे न्यायची आहे! तुम्ही तर आमचीच लाइन आमच्या खोलीतून उचलून नेलीत!" काका मटकन खाली बसले. किल्ली त्यांनीच दिली होती, आणि कामाच्या वेळी खोलीत डोकावायचीही तसदी घेतली नव्हती. काका लबाड नव्हते, नुसतेच निष्काळजी होते. पण त्या निष्काळजीपणापायी ताईची सुट्टी जवळजवळ वाया गेली होती, आणि शंकीला त्यांचा राग आला तो आलाच.

बैठक झाली, पण वेगळीच. वायर काढली, भोक बुजवलं, किल्ली बाईंकडे दिली. क्लासने घेतलेले पैसे पालकांना परत मिळेपर्यंत पाठ सोडायची नाही, असं समितीने ठरवलं. काकांनी सगळ्यांसमोर शंकीच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या अख्ख्या समितीत एकालाही शंका आली नाही," ते म्हणाले. "मुली, तू होतीस म्हणून वाचलो." एरवी शंकीला 'किती संशय घेतेस' एवढंच ऐकायची सवय. ती इतकी गोंधळली, की काका थट्टा तर करत नाहीत ना, असा तिला संशय आला.

सोमवारी दुपारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. क्लासची मुलंही आली होती. त्यांच्याही घरी नेट नव्हतं, म्हणून तर ती तिकडे जात होती. पायऱ्यांवरची छोटी भोंग्याच्या मागेच लागली, की संमेलन खरंच कधी भरतं ते सांग. भोंगा बाईंकडे धावला आणि आता तरी तो शब्द दुरुस्त करू द्या म्हणाला. बाईंनी धडा दुरुस्त करायला दिला, पण जुनाही जपून ठेवला.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर ताई सरावाचा पेपर सोडवत होती. शंकी तिच्या खुर्चीमागे पडद्यावर डोळे लावून उभी होती. एकेक प्रश्न झरझर पुढे सरकत होता. शेवटचं उत्तर गेलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'पेपर पूर्ण झाला.'

"आता काय शंका आहे?" ताईने मागे न बघता विचारलं.

"बेकरीच्या मालकांना काय सांगितलंस?"

ताई वळली. "सकाळपुरतीच येईन, म्हटलं," ती हसून म्हणाली, "दुपारी मला वाचनालयात काम असतं."