जुळलेली बेरीज

"माझ्या वडिलांना चोर म्हणताहेत," कांता म्हणाली. "त्यांना उत्तर देता येत नाही, म्हणून मी आले."

सिंदी मेघेतल्या आपल्या खोलीत नत्थूजी सुपारी कातरत बसले होते. पोलिसातून निवृत्त झाल्यावर ते खाजगी तपासाची कामं घेत. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"बस, पोरी. पहिल्यापासून सांग."

छप्पन सालचा डिसेंबर होता. कांताचे वडील पुंडलिकराव सेलूच्या नव्या कॉलेजात हेडक्लार्क होते. रविवारी तिथे यवतमाळच्या संघाशी बास्केटबॉलचा अंतिम सामना झाला. सेलूने तो बेचाळीस विरुद्ध सदतीस असा जिंकला. बक्षिसाचा चांदीचा कप आणायला शिपाई तानबा व्यायामशाळेच्या कोठीत गेला, तर पुंडलिकराव फरशीवर पडलेले. डोकं फुटलेलं, अंगावर शिडी, हाताशी कप.

"प्राचार्यांनी शोकसभेतच सांगून टाकलं, कप चोरताना शिडीवरून पडले. हाफटाइमला मी त्यांना डबा दिला होता. भाकरी खाता खाता म्हणाले, मॅच संपली की पंचांशी बोलायचं आहे. काय ते बोलले नाहीत."

"घटकाभरानं अख्ख्या गावासमोर जो कप द्यायचा, तो चोरणारा माणूस येडाच पाह्यजे. तुझे वडील येडे होते काय?"

"नाही."

"मंग चाल."

व्यायामशाळेत त्यांना थोडं थांबावं लागलं. कोठीची फरशी धुऊन काढलेली होती. तिकडे बघायचं नव्हतं, म्हणून कांता भिंतीवर रंगवलेले खेळाचे नियम वाचत राहिली. बास्केटचे दोन गुण, फ्री थ्रोचा एक. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. चुकून स्वतःच्याच बास्केटमध्ये बॉल टाकला तर गुण समोरच्या संघाला, पण ते कोणाही खेळाडूच्या नावावर लिहू नयेत, कडेला टीप द्यावी. शब्द नुसते डोळ्यांपुढून गेले.

"ते नियम मीच मराठीत केले," बाबाराव आत येत म्हणाले. ते कॉलेजचे क्रीडाशिक्षक. सामन्याचे गुणही त्यांनीच लिहिले होते. सोबत त्यांनी गुणपत्रक आणलं होतं. "फौजदारांनाही हेच दाखवलं. वाऱ्याने कागद उडतात म्हणून टेबलाभोवती कनात लावली होती. मला तिथे कोणी पाहिलं नसेल, पण हा कागद पाहा. खेळ बघितल्याशिवाय असा कागद लिहिता येतो का?"

कांता वर्ध्याला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिने सवयीने बेरीज केली. ओमप्रकाश वीस. बाकीचे आठ, सहा, सहा, दोन.

"बेचाळीस. जुळते."

"माझी बेरीज आजवर कधी चुकली नाही."

"कड कोरी दिसते," नत्थूजी म्हणाले.

"लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. स्वच्छ सामना झाला."

तानबा बाहेर पायरीवर बसला होता. कांताला पाहून तो उठला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"म्या फळ्यापाशी होतो," तो म्हणाला. "पंचानं बोटं दाखवली का खडूनं आकडा वाढवायचा. पाठ कनातीकडे. मागं पाह्यले फुरसत कुठची?"

"कोठीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माह्या कमरेले, एक बाबाराव सरापाशी. सर तं मॅचभर टेबलावर होते. म्हणून फौजदार मलेच म्हणते, तूच किल्ली देल्ली. म्या कोणाले नाई देल्ली, बाई. तुमच्या बाबाले चोर म्हणाची माही जीभ नाई."

कप देणारे हिरालाल कापडाच्या दुकानात गादीवर बसले होते. पुंडलिकरावांशी त्यांचा वाद झाल्याचं गावाला माहीत होतं.

"भाच्याले अॅडमिशन नाई देल्ली म्हणून चार शब्द बोललो," त्यांनी कबूल केलं. "त्यापायी कोणी माणसाले मारते काय?"

"मॅचभर खुर्चीतून उठले नाई?"

"एकदा उठलो, पान थुकाले. तेही हाफटाइमच्या लई मागून. हाफटाइम झाल्या झाल्या तं मजाच झाली. बाजू बदलल्या हे यवतमाळचा एक पोट्टा इसरला, न् त्यानं सोताच्याच टोपलीत बॉल टाकला. आपल्याले दोन फुकटात! सारं मैदान हासलं." कांताकडे लक्ष जाताच त्यांनी आवाज उतरवला. "माफ कर, बाई. मयत झाल्यापासून कोणी ते काढलं नाई. हासाची गोष्ट, कोण काढन?"

ओमप्रकाश गावच्या कापसाच्या जिनात कामावर सापडला. केसांत कापूस अडकलेला.

"तुम्ही तं वीस काढले म्हणते," नत्थूजी म्हणाले.

"वीस कुठचे, काका? नऊ बास्केट. अठरा. फ्री थ्रो एक भेटला नाई. कागदावर वीस असन तं सरची मेहरबानी." तो हसला. "मॅच झाल्यावर सर एकेकाले पुसत होते, तुझे किती, तुझे किती. माझ्यापाशी येईपर्यंत तानबानं बोंब मारली."

"कोणत्या वर्गात हायेस?"

त्याने जिनाच्या दाराकडे पाहिलं. "इंटर."

"आज बुधवार. कॉलेज नाई काय?"

ओमप्रकाशने केसांतला कापूस झटकला आणि आत निघून गेला.

परतताना कांता म्हणाली, "दोन गुणांची चूक झाली असेल बाबारावांची. घाईत होते."

"चूक झाली असती तं मी घरी गेलो असतो. चूक झाली नाई, तेच तं दुखणं हाय."

तिला काही उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत फौजदार, बाबाराव, नत्थूजी आणि कांता बसले होते. गुणपत्रक टेबलावर होतं.

"ही बेरीज जुळाले नको होती," नत्थूजी म्हणाले. "संघाचे बेचाळीस खरे, ते फळ्यावर होते. पण त्यातले दोन यवतमाळच्या पोट्ट्यानं चुकून दिले. सरच्याच नियमात ते कोणाच्या नावावर लागत नाई. म्हणजे खेळाडूचे जमून चाळीस याले पाह्यजे, न् कडेले टीप. इथं बेचाळीस हायेत न् कड कोरी. सारं मैदान हासलं ते एका माणसाले माहीतच नाई, न् तोच गुण लिहाले बसला होता."

बाबाराव म्हणाले, "नजरचूक असेल."

"नजरचूक असती तं दोन कमी पडले असते. इथं कमी पडले ते भरून काढले. सामना संपल्यावर तुम्ही चौघाले इचारलं. बावीस झाले. ओमप्रकाशपाशी पोचलेच नाई, म्हणून बेचाळीसातून बावीस वजा केले न् वीस त्याच्या नावावर मांडले. तो म्हणते अठरा."

फौजदारांनी कागद जवळ ओढला.

"बाजू बदलल्या बदलल्या तो बॉल गेला," नत्थूजी पुढे म्हणाले. "तेव्हा तुम्ही कनातीत नव्हते. तानबा साऱ्यासमोर फळ्यापाशी, हिरालाल खुर्चीत. दुसरी किल्ली तुमच्यापाशी. प्राचार्यसाहेब, ओमप्रकाशचं नाव हजेरीत काढा बरं."

प्राचार्यांनी रजिस्टर मागवलं, दोनदा चाळलं. नाव नव्हतं.

"जिनातला पोट्टा कॉलेजचा म्हणून खेळवला. हे हेडक्लार्कले नाई कळन तं कोणाले कळन? पुंडलिकराव पंचाले तेच सांगणार होते. काहून नेलं पुंडलिकरावाले कोठीत?"

बाबारावांनी खिशातून कोठीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"समजावायला नेलं होतं," ते म्हणाले. "कॉलेजला पहिल्यांदाच कप मिळत होता. ते ऐकेनात. मी ढकललं. लोखंडी मुद्गलावर डोकं आपटलं. मग शिडी..." ते थांबले.

"आणि कप हातात दिला," कांता म्हणाली.

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"बाबा लगेच गेले?"

"नाही. पाणी मागत होते."

"मग?"

"मॅच चालू होती," बाबाराव म्हणाले.

फौजदार त्यांना घेऊन गेले. नत्थूजी त्यांच्यामागे दारापर्यंत जाऊन थांबले. आत येऊ की नको, हे त्यांना ठरवता आलं नाही.

प्राचार्यांनी घसा साफ केला. "फार वाईट झालं, कांताबाई. मी गैरसमजाने बोललो. उद्या नोटिसबोर्डावर खुलासा लावतो."

"सभा भरवून बोलला होतात," ती म्हणाली. "सभा भरवूनच सांगा. आज."

"आज मुलं घरी गेलीत."

"घंटा द्या. येतील."

प्राचार्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग तिच्याकडे. ती भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. थोड्या वेळाने त्यांनी तानबाला हाक मारली.