सिस्टर म्हणू नका

चष्म्याच्या काडीचा स्क्रू तांदळाच्या कणीएवढा असतो. गालिच्यावर पडला की गेला.

हफ्र अल बातिनमध्ये धुळीचं वादळ यायच्या आधी एसीचा आवाज बदलतो.

अरबीत अम्म म्हणजे काका. अम्मी म्हणजे माझे काका.

म्हसळ्यात एका घरावर नवी खोली चढवलेली आहे. तिला खिडक्या आहेत, जिना अजून नाही.

इस्पितळात क्रॅश ट्रॉली असते. माणसाचं हृदय थांबलं तर काय काय लागेल, ते सगळं तिच्यात आधीच भरून ठेवलेलं. रोज उघडून बघायचं, रोज पुन्हा सील करायचं.

खुरूज म्हणजे बाहेर पडणं. या देशात त्याच्यापुढे आणखी एखादा शब्द असतो, आणि परत यायचं की नाही ते तो शब्द ठरवतो.

त्या वर्षी सरकारने जाहीर केलं, की घड्याळांची, विजेच्या वस्तूंची आणि चष्म्यांची दुकानं हिवाळ्यापासून सौदी माणसांनी चालवायची.

*

धूळ आली तेव्हा रईसा बाजारात होती. तोंडावर ओढणी घट्ट धरून ती जे दार हाताला लागलं त्यात शिरली, आणि नेमकी त्याच क्षणी असरची अजान झाली. नमाजाच्या वेळी दुकान बंद ठेवायचं हा कायदा. काउंटरमागचा माणूस शटर ओढायला निघालेला, आणि दारात ही उभी.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बंद दुकानात परकी बाई आणि परका पुरुष… छे! बाहेर तर रस्त्यापलीकडची पाटीही दिसत नव्हती.

"सिस्टर, आप बैठो," तो म्हणाला. अबायाखालून दिसणारे पांढरे बूट त्याने पाहिले असावेत. नर्सला इथे सगळेच सिस्टर म्हणतात.

त्याने शटर अर्ध्यावर ओढलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला. धुळीत. खांद्यावरचा रुमाल नाकाला लावून, दुकानाकडे पाठ करून.

रईसा काचेतून त्याची पाठ बघत होती. तिच्यासाठी कुणी असं उन्हापावसात उभं राहिल्याला किती काळ लोटला होता, ते आठवायचं तिने टाळलं. हाताला चाळा म्हणून तिने एक फ्रेम उचलली. किमतीची चिठ्ठी वाचायला गेली तर आकडे एकमेकांत मिसळलेले. चिठ्ठी लांब धरली. मग आणखी लांब. तेवढ्यात मुलीचा फोन आला. इफरा मंगळूरला शिकत होती.

"अगं, काय सांगू तुला," रईसा म्हणाली, "मला चाळिशी लागली वाटतं."

शटर वर गेलं. भुवयांवर, पापण्यांवर, मिशीवर धूळ घेऊन तो माणूस आत आला. डोळे तेवढे चमकत होते.

"कोकणातल्या तुम्ही?"

"म्हसळ्याची. का?"

"काही नाही. मी हर्णैचा. बदरुद्दीन." त्याने रुमाल झटकला. "चाळिशी लागली ना? कितीच्या आहात?"

"बायकांना असं विचारतात?"

"डॉक्टरला आणि चष्मेवाल्याला सांगावं लागतं."

"पंचेचाळीस."

"मग उशिरा आलात," तो हसला. "मी कधीचा बसलोय इथे."

*

रईसाने एकसारख्या दोन चाळिश्या बनवून घेतल्या.

"दोन कशाला? डोळे चार आहेत का?"

"एक तुटली तर?"

"तुटली तर मी आहे की!"

"तुम्ही नसलात तर?"



तिचं सगळंच असं दुहेरी. दोन टॉर्च, दोन चार्जर, पासपोर्टच्या दोन झेरॉक्स, दोन गावांच्या दोन बँकांत थोडं थोडं. नवरा गेला तो जेवता जेवता. ताटात अर्धी भाकरी होती, आणि ती इथे ड्यूटीवर. तेव्हापासून तिने ठरवलं होतं, की आता जे काय यायचं असेल ते येऊ दे, आपण तयारीत असायचं. म्हातारपण तर सांगूनच येतं, त्याच्यासाठी म्हसळ्याला वरची खोली. बाकी न सांगता येणारं जे असेल त्याच्यासाठी ही मोठी पर्स. दोन्ही चाळिश्या तिच्यातच असायच्या.

बदरुद्दीन नेमका उलटा. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूल नाही. केस पांढरे झालेले, पण ते काउंटरच्या दिव्यामुळे तसे दिसतात असं त्याचं म्हणणं. अख्ख्या हफ्रला चाळिशी लावणारा हा माणूस स्वतः मात्र लावत नसे.

"तुमची कुठाय?" ती विचारायची.

"मला लागत नाही."

"मग बिल इतकं लांब का धरता?"

"बिल लांबूनच बरं दिसतं."

तिच्या चष्म्याची काडी सारखी सैल व्हायची. दर आठवड्याला ती यायची, तो स्क्रू पिळायचा, काडी दोनदा उघडझाप करून बघायचा, मग चष्मा स्वतःच्या हाताने न घालता काचेच्या काउंटरवर ठेवून तिच्याकडे सरकवायचा. बोटाला बोट लागणार नाही इतकं अंतर राखून. त्या अंतराचीच तिला सवय झाली.

शेवटी एकदा तिने दुसरी चाळिशी पुढे केली. "ही पण सैल झाली. आणि ही तर मी वापरलीच नाही."

बदरुद्दीनने मान खाली घातली. कान लाल.

"मुद्दाम?"

"…अर्धा आटा सोडतो. फार नाही."

ती इतकी हसली, की काउंटरच्या दुसऱ्या टोकाची अफनानही हसायला लागली. अफनान ही नवी मुलगी, इथलीच, नकाबातून फक्त डोळे दिसायचे. हिवाळ्यापासून दुकान तिचं. तोवर बदरुद्दीनने तिला सगळं शिकवायचं, असं कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा इकामा, इथे राहायचा परवाना, होता त्या मालकाने, सांगितलं होतं.

"अम्मी बद्र! यू आर व्हेरी बॅड," अफनान म्हणाली.

"अम्मी?" रईसाने विचारलं. "आमच्याकडे अम्मी म्हणजे आई."

"काय काय व्हावं लागतं बघा," बदरुद्दीन म्हणाला. "नोकरी जाते ती जाते, वर आई व्हायचं."



*

त्या उन्हाळ्यात हफ्रमध्ये रोज कुणाचा तरी फ्रिज विकायला निघायचा. बायकामुलांमागे भरायचा कर परवडेना म्हणून लोक कुटुंबं घरी पाठवत होते. शेजारच्या मोबाइलच्या दुकानातला मलबारी आधीच गेला होता. समोरचा घड्याळवाला हैदराबादी सगळ्यांना उसनं हसून सांगायचा, की आपल्याला काही होत नाही. इस्पितळात सकाळी ट्रॉली तपासताना रईसाच्या मनात यायचं, आता हे सील आपण किती दिवस लावणार? माणसं वयाने नाही, एका घोषणेने म्हातारी होत होती. काल हातात कसब होतं, आज नुसतं वय.

आणि अशा दिवसांत तिचं मन एखाद्या कॉलेजातल्या पोरीसारखं वागत होतं. तिला स्वतःची लाज वाटायची. मग ती काडी स्वतःच सैल करायची.

*

बाजाराच्या कोपऱ्यावर केरळी माणसाचं बूफिया होतं. चार टेबलं, चहा आणि पराठे. तिथे उजेडात, सगळ्यांसमोर, टेबलाच्या दोन टोकांना बसून.

"एक अडचण आहे," बदरुद्दीन म्हणाला.

"कसली?"

"मला तुम्हाला सिस्टर म्हणवत नाही हल्ली."

रईसाने कप खाली ठेवला.

"मग म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे मला."

"आहे ना. पण ते एकदा घेतलं, की पुढचं बोलावं लागेल."

"मग बोला की. चहा गार होतोय."

"रईसा," तो म्हणाला. एवढंच. आणि पुढचं सगळं विसरला. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता, पराठ्याचा तवा चुरचुरत होता, आणि तिला वाटलं, की एवढ्या वर्षांत आपलं नाव कुणी पूर्ण घेतलंच नव्हतं.

मग त्याने सांगितलं ते असं. कफील म्हणाला होता, दुकान गेलं तरी गोडाऊनमध्ये काम देतो, काचा कापायचं. ते काम अजून परक्यांना चालतं. आधी महिनाभर गावी जाऊन ये, रिटर्नचा व्हिसा लावतो. "मी तिकडे गेलो, की म्हसळ्याला तुमच्या भावाकडे जातो. रीतसर. चालेल?"

"भाऊ जाड चष्मा लावतो. स्क्रू तपासून बघा त्याचा."

"म्हणजे हो?"

"म्हणजे चहा प्या."

तेवढ्यात त्याच्या फोनवर मेसेज आला. सरकारी, अरबीत, बारीक अक्षरांत. त्याने फोन उचलला, हात लांब केला. आणखी लांब केला. डोळे बारीक केले. कुराण शिकल्यामुळे दोघांनाही लहानपणापासून अरबी अक्षरं लावता यायची, त्यात तो तर इतकी वर्षं इथे.

"खुरूज…" त्याने वाचलं. "आला बघा व्हिसा! काल बोलला, आज आला."

"पुढचं वाचा ना नीट."

"रिटर्नचंच आहे. दुसरं काय असणार?"

त्याचा हात तसाच लांब होता, टेबलाच्या जवळजवळ तिच्या टोकापर्यंत आलेला. चेहरा एखाद्या पास झालेल्या पोरासारखा. रईसा त्या हाताकडे बघत राहिली. सांगावं का? त्याने नुकतंच तिचं नाव घेतलं होतं. अशा वेळी माणसाला त्याचं वय दाखवायचं…

ती गप्प राहिली. त्याने फोन खिशात टाकला.

*

दम्मामच्या विमानतळावरून त्याचा फोन आला तेव्हा ती ड्यूटीवर होती.

"रईसा, इकामा ठेवून घेतला त्याने."

"कुणी?"

"काउंटरवरच्या पोलिसाने. मी म्हटलं, भाई, कार्ड? तर म्हणाला, खलास. खुरूज निहाई. फायनल एक्झिट."

"असं कसं? मेसेजमध्ये तर…"

"मेसेजमध्येही तेच होतं." त्याचा श्वास ऐकू येत होता. "आत्ता त्याने मोठ्या स्क्रीनवर दाखवलं. मोठ्या अक्षरात. तेच."

"परत फिरा! कफीलला फोन करा, तो रद्द करेल. देश सोडला नाही तोवर करता येतं!"

"शिक्का बसला. पोलीस म्हणतो, शिक्क्याच्या आधी आला असतास, तर." मागे कुणीतरी यल्ला, यल्ला म्हणत घाई लावत होतं. "कफील फोन उचलत नाहीये."

"बदरुद्दीन, ऐका…"

"विमानाला बोलावतायत."

*

"म्हसळ्याला गेलात का?"

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच."

"तुमचा भाऊ विचारेल, काय करता? काय सांगू? चष्म्याच्या लायनीत आता तिकडे व्हिसा नाही. आणि दुसऱ्या कुठल्या कामाला माझ्या वयाचा माणूस कोण घेतो?"

"मी येते सोडून."

"आणि इफराचं कॉलेज?"

तिच्या पर्समध्ये याचं उत्तर नव्हतं.

"बघा," तो हळूच म्हणाला. "मी तुमच्यावर बसून खाऊ? शोभेल?"

"मी थांबेन. इफराचं शिक्षण होईपर्यंत."

"तोवर मी साठीला टेकेन, रईसा."

"आणि मी तरुण होत जाणार आहे का?"

आधी तो हसायचा. नंतर नंतर हसणं उशिरा यायला लागलं, जसं लांबच्या फोनवर येतं. मग फोनही उशिरा यायला लागले.

हिवाळ्यात पाऊस झाला. हफ्रच्या सपाट रस्त्यांवर पाणी तुंबलं. चष्म्याची काडी आपोआप सैल झाली होती, या खेपेला खरोखर. ती बूट भिजवत दुकानात गेली. अफनानने तिला बसवलं, स्क्रूला डिंकासारखा एक थेंब लावला आणि पिळून घट्ट केला.

"नाऊ नेव्हर लूज," अफनान अभिमानाने म्हणाली. मग थोडं थांबून, "अम्मी बद्र? फाइन?"

"फाइन," रईसा म्हणाली.

पोरीने काम चोख केलं होतं. त्या दुकानात पुन्हा जायला रईसाला निमित्त उरलं नाही.

*

शेवटचा फोन त्याने भर दुपारी केला. मागून कावळ्यांचा आणि हर्णैच्या समुद्राचा आवाज येत होता.

"चाळिशी केली मी. दापोलीला जाऊन."

"कशी दिसते?"

"म्हातारा दिसतो. पण वाचता सगळं येतं आता." तो थांबला. "तो मेसेज अजून आहे फोनमध्ये. परवा पुन्हा वाचला. किती साफ लिहिलंय हो."

"पुसून टाका तो."

"हो."

"बदरुद्दीन…"

"माझी वाट बघू नका. मी हे रागाने म्हणत नाही."

"मला माहितीये, कशाने म्हणताय ते."



"काळजी घ्या," तो म्हणाला. "सिस्टर."

*

बूफियातल्या त्या टेबलावर मेसेज आला, तेव्हा रईसाच्या पर्समध्ये दोन चाळिश्या होत्या.